हौद्याचा हिशेब
(स्वस्त विजेच्या ट्रकवर काय बसवावं आणि काय टाळावं)

आपल्याकडे नवा टेम्पो आधी देवळासमोर उभा राहतो आणि तिथून थेट ॲक्सेसरीच्या दुकानात जातो. गुहागरात व्याडेश्वरापुढे नारळ फुटला की पुढचा मुक्काम चिपळूण. तिथे सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम, पुढे लोखंडी गार्ड, चार जादा दिवे, प्रेशर हॉर्न, हौद्यात चेकर प्लेट, केबिनवर कॅरिअर आणि मागच्या पाट्यांना एकेक जादा पान, अशी यादी ठरलेली असते. डिझेलच्या गाडीने हे सगळं वर्षानुवर्षं निमूट सोसलं. तिला जास्त तेल लागलं तर पंपावर पाच मिनिटांत मिळत होतं, आणि दिव्या-गाण्यांना किती तेल गेलं हे कुणी मोजत नव्हतं.

विजेच्या छोट्या ट्रकला ही यादी जशीच्या तशी लावता येत नाही. या गाडीच्या मालकाला रोज सकाळी दोन गोष्टी मोजून मिळतात: बॅटरीतली युनिटं आणि हौद्यातले किलो. बसवलेली प्रत्येक वस्तू या दोन्हींतून काहीतरी काढून घेते. गुहागरसारख्या किनाऱ्यावर तिसरा वाटेकरीही असतो, तो म्हणजे खारं वारं. म्हणून कुठल्या वस्तूने गाडी शोभेल हा प्रश्न मागे ठेवून, ती वस्तू रोज किती खाते आणि त्या बदल्यात काय वाचवते, हा प्रश्न पुढे घ्यायला हवा. या प्रकरणात तो हिशेब मांडू.

आधी गाडी समजून घेऊ

टाटा मोटर्सने २००५ साली ‘एस’ हा छोटा ट्रक आणला आणि देशभर लोकांनी त्याचं नाव ‘छोटा हत्ती’ ठेवलं. मे २०२२ मध्ये त्याची विजेवरची आवृत्ती जाहीर झाली: २१.३ युनिटांची बॅटरी, ६०० किलो भार, एका चार्जमध्ये चाचणीतला पल्ला १५४ किलोमीटर. ऑक्टोबर २०२४ मध्ये महिंद्राने ‘झिओ’ आणली. तिची किंमत ७.५२ लाख रुपयांपासून सुरू झाली आणि बॅटरी १८.४ किंवा २१.३ युनिटांची होती. जून २०२५ मध्ये ‘एस प्रो’ आली. तिच्या विजेच्या आवृत्तीची सुरुवातीची किंमत साडेसहा लाख, बॅटरी १४.४ युनिटांची, भार ७५० किलो आणि कागदावरचा पल्ला १५५ किलोमीटर. स्वस्त विजेचा ट्रक म्हणताना या प्रकरणात ही शेवटची गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण लहान बॅटरीच्या गाडीत प्रत्येक चूक लवकर दिसते.

याच सुमारास, एप्रिल २०२५ मध्ये, अमेरिकेत स्लेट ऑटो या नव्या कंपनीने एक स्वस्त विजेचा पिकअप जाहीर केला. त्याला रंग नाही, खिडकीच्या काचा हाताने फिरवायच्या, गाण्याची सोय नाही. गाडी उघडी-बोडकी घ्यायची आणि शंभराहून अधिक वस्तूंच्या यादीतून हवं ते हळूहळू बसवायचं, असा तो बेत आहे. तिकडे याची मोठी चर्चा झाली. आपल्या ट्रकवाल्यांना त्यात फारसं नवल वाटू नये. कंपनीकडून नुसती चासी घ्यायची आणि हौदा बॉडी बिल्डरकडून बांधून घ्यायचा, हा आपल्या रस्त्यांवरचा जुनाच रिवाज आहे. फरक इतकाच की स्लेटच्या मूळ गाडीची बॅटरी ५२.७ युनिटांची आहे आणि आपल्या छोट्या ट्रकची तिच्या जवळपास चौथाई. तिथे खपून जाणारी उधळपट्टी इथे परवडत नाही.

किलोचा हिशेब

गाडीची भारक्षमता म्हणजे पूर्ण भरलेल्या गाडीचं मंजूर वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन. मंजूर वजन आरसीवर छापलेलं असतं आणि ते बदलत नाही. त्यामुळे रिकाम्या गाडीवर चढवलेलं प्रत्येक लोखंड मालाच्या वाट्यातून वजा होतं. शेजारी बसलेला मदतनीससुद्धा वजनातच धरावा लागतो.

आता आंब्याचं गणित करू. हापूसची पाच डझनाची लाकडी पेटी, आतल्या गवतासकट, वीस किलोच्या आसपास भरते. ७५० किलोत अशा ३७ पेट्या बसतात. छोट्या ट्रकचा हौदा साधारण दोन मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद, म्हणजे २.८ चौरस मीटरचा धरू. तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी चेकर प्लेट चौरस मीटरला सुमारे २५ किलो भरते, म्हणजे नुसत्या तळाला ७० किलो लागले. ताडपत्रीसाठी कमानींचा सांगाडा ४० किलो, पुढचं गार्ड २५, पाट्यांची जादा पानं २०, केबिनवरचं कॅरिअर २० आणि बाकी किडुकमिडुक १०. बेरीज १८५ किलो. उरले ५६५, म्हणजे २८ पेट्या. नऊ पेट्या प्रत्येक फेरीला घरी राहिल्या. आंब्याच्या हंगामात मार्च ते मे रोज एक फेरी मारणाऱ्याने हा आकडा स्वतःच्या भाड्याच्या दराने गुणून पाहावा.

त्याच कामाला हलका पर्यायही आहे. तळाला १२ मिलिमीटरचं मरीन प्लाय टाकलं तर २२ किलोत भागतं. पातळ पत्र्याच्या पाइपच्या सुट्या कमानी आणि चांगली ताडपत्री ३० किलोंत होते. माल बांधायच्या कड्या आणि पट्टे दोन-तीन किलोंचे. एकूण ५५ किलो, आणि पेट्या ३४. लोखंड जास्त टिकतं हे खरं. पण प्लाय तीन-चार वर्षांनी बदलायचा खर्च रोजच्या सहा पेट्यांपुढे किरकोळ आहे.

ज्यांना जांभ्याचे चिरे वाहायचे आहेत, त्यांनी इथेच थांबावं. एक चिरा तीस-एक किलोचा. ७५० किलोंत पंचवीसच चिरे बसतात आणि पंचवीस चिऱ्यांसाठी कोणी गाडी लावत नाही. मग ‘पाटे वाढवून घेऊ’ हा सल्ला मिळतो. पाट्याचं पान वाढवल्याने गाडी मागून बसत नाही, एवढंच होतं. ब्रेक, ॲक्सल, टायर आणि मोटर तेवढीच राहतात आणि आरसीवरचा आकडाही तसाच राहतो. जादा भाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. चिऱ्यांचं काम मोठ्या डिझेल गाडीचं आहे, ते तिच्याकडेच राहू द्यावं.

युनिटांचा हिशेब

१४.४ युनिटांत १५५ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला ९३ वॅट-तास. हा चाचणीतला आकडा. भरलेली गाडी, कोकणातले चढ आणि गावागावांतले गतिरोधक धरून हिशेबासाठी १२५ वॅट-तास घेऊ. मग पल्ला येतो ११५ किलोमीटर. गुहागर ते चिपळूण ४५ किलोमीटरच्या आसपास, जाऊन-येऊन ९०. म्हणजे शिल्लक २५ किलोमीटर. चिपळुणात दोन ठिकाणी माल उतरवायचा असेल, परतीत शृंगारतळीला थांबून काही भरायचं असेल, तर ही शिल्लक फार मोठी नाही.

आता जादा वस्तू मोजू. ५५ वॅटचे चार हॅलोजन दिवे म्हणजे २२० वॅट. मोठ्या ॲम्प्लिफायरची म्युझिक सिस्टिम १०० वॅट. केबिनमधला पंखा २० वॅट. तीन तासांत हे सगळं एक युनिटाहून थोडं जास्त खातं, म्हणजे आठ किलोमीटर. शिलकीचा तिसरा हिस्सा दिव्यांत आणि गाण्यांत गेला. तेच १८ वॅटचे चार एलईडी दिवे लावले तर तीन तासांत दोन किलोमीटरसुद्धा जात नाहीत. साधा रेडिओ आणि पंखा तर नगण्य. उन्हाळ्यात गुहागरच्या दमट दुपारी पंखा चैनीत मोडत नाही, तो आधी घ्यावा.

वजनसुद्धा शेवटी विजेतच मोजलं जातं. मघाच्या दोन याद्यांतला फरक १३० किलोंचा होता. एवढं जादा लोखंड चिपळूणच्या एका फेरीत फिरवायला साधारण अर्धं युनिट लागतं, म्हणजे चार किलोमीटर. चढांचं म्हणाल, तर गाडी आणि माल मिळून दीड टन वजन २०० मीटर उंच चढवायला भौतिकशास्त्राच्या नियमाने ०.८२ युनिट लागतं, गिअर आणि मोटरमधलं नुकसान धरून एक. उतारावर मोटर उलटी फिरून त्यातला काही भाग परत बॅटरीत भरते. सारा मात्र कधीच परत येत नाही.

याच ठिकाणी सड्यावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या उंच कातळपठारावर, राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर उतारावरची वीज घ्यायला तिच्यात जागा नसते आणि मोटरचा ब्रेक मिळेनासा होतो किंवा कमी मिळतो. किनाऱ्यावरच्या वाडीतला माणूस सकाळी आधी चढतो, त्याला अडचण नाही. सड्यावरच्या घरातून भरलेली गाडी घेऊन खाली समुद्राकडे निघणाऱ्याने चार्जिंग थोडं आधी थांबवावं किंवा पहिल्या उतारावर पायाच्या ब्रेकवर भिस्त ठेवून सावकाश उतरावं. यासाठी कुठलीही वस्तू विकत घ्यावी लागत नाही.

आता वायरिंग. विजेच्या ट्रकमध्ये दोन स्वतंत्र दुनिया असतात. एक मोटर चालवणारी जास्त दाबाची, जिच्या वायरी नारिंगी रंगाच्या असतात. दुसरी दिवे, हॉर्न, वायपर चालवणारी साधी १२ व्होल्टची, जिच्यासाठी छोटी वेगळी बॅटरी असते आणि ती मोठ्या बॅटरीतून एका कन्व्हर्टरमार्फत भरली जाते. नारिंगी वायरीला कोणत्याही इलेक्ट्रिशियनने हात लावू नये; तिथे प्रश्न वॉरंटीचा नंतर, जिवाचा आधी आहे. १२ व्होल्टच्या बाजूलाही वायर सोलून, पीळ मारून, टेप गुंडाळून दिवा जोडायची जुनी पद्धत चालणार नाही. खाऱ्या हवेत असा जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो. शिवाय छोटी बॅटरी उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, कारण गाडीचे संगणक आणि कॉन्टॅक्टर त्या छोट्या बॅटरीवरच जागे होतात. जादा वस्तूला स्वतंत्र फ्यूज, रिले, बंद कनेक्टर आणि गाडी बंद केल्यावर आपोआप तुटणारी जोडणी हवी. हे काम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये करून घेतलं तर चार पैसे जास्त जातात, पण बॅटरीच्या वॉरंटीवर वाद होत नाही.

छतावर सोलर पॅनेल बसवायचा मोह अनेकांना होतो. २०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला फार तर पाऊण युनिट देईल, म्हणजे सहा किलोमीटर. पॅनेल आणि त्याचा सांगाडा मिळून एका पेटीहून जास्त वजन कायमचं वाढेल आणि जून ते सप्टेंबर ते जवळपास रिकामं बसेल. तेच पैसे घराच्या छपरावर लावावेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांचं अनुदान आहे आणि असा संच चांगल्या दिवशी बारा-एक युनिटं देतो. अट एकच: छपरावर माडांची सावली पडता कामा नये. आगरातल्या घरांना ही अट सहज पुरी होत नाही, म्हणून आधी दुपारभर सावली कुठे फिरते ते पाहावं.

खाऱ्या वाऱ्याचा हिशेब

किनाऱ्यावरच्या गाडीला गंज बाहेरून दिसतो तेव्हा आत तो बराच पुढे गेलेला असतो. मिठाचे कण हवेतून पत्र्यावर बसतात, ओलावा धरून ठेवतात आणि लोखंडाच्या गंजण्याला लागणारं विद्युतवाहक पाणी आयतं पुरवतात. कारखान्यात गाडीच्या सांगाड्याला बुडवून जे संरक्षक लेपन दिलेलं असतं, ते शाबूत असेपर्यंत सांगाडा टिकतो. म्हणून किनाऱ्यावर पहिला नियम असा की चासीला आणि हौद्याला नवं भोक पाडू नये. प्रत्येक जादा दिवा, प्रत्येक पायरी, प्रत्येक स्टिकरची पट्टी बसवणारा ड्रिल हातात घेऊनच येतो. कंपनीने दिलेल्या मूळ भोकांत बसणारी किंवा क्लॅम्पने आवळणारी वस्तू निवडावी. भोक पाडावंच लागलं तर कड लगेच झिंक प्रायमरने झाकावी.

दुसरी चूक धातूंच्या जोडीची. लोखंडी तळावर ॲल्युमिनियमची चेकर प्लेट टाकली की ती हलकी असते, चकचकीत दिसते, आणि त्या दोघांमध्ये मासळीचं खारं पाणी शिरलं की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट साध्या लोखंडात बसवले तर बोल्ट चमकत राहतात आणि भोवतालचं लोखंड कुजतं. दोन धातूंमध्ये रबराची किंवा नायलॉनची चकती घातली की हा खेळ बराचसा थांबतो. ती चकती फार स्वस्त असते आणि दुकानदार स्वतःहून क्वचितच देतो.

रबरी मॅटचंही असंच. मॅट घसरण थांबवते, पेट्यांचा आवाज कमी करते, पण तिच्याखाली पाणी साचतं. मासळी नेणाऱ्याने ती रोज उचलून तळ गोड्या पाण्याने धुवावा, हौद्याच्या कोपऱ्यातली निचऱ्याची भोकं उघडी आहेत ना ते पाहावं. मॅट तळाला चिकटवून टाकणं हे तळ घालवायचं खात्रीचं साधन आहे.

खालच्या बाजूला मेणासारखा गंजरोधक लेप देणं हा गुहागरात पैसा वसूल करणारा खर्च आहे. मात्र फवारा मारणाऱ्याला आधी सांगावं लागतं: नारिंगी वायरींचे कनेक्टर, बॅटरीच्या पेटीवरची हवा जायची झडप आणि थंड होण्याच्या जागा झाकून मगच काम सुरू कर. डिझेलच्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसाला हे आपसूक सुचत नाही.

बॅटरी आणि मोटरवर ‘आयपी ६७’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ वस्तू एक मीटर खोल, स्थिर, साध्या पाण्यात अर्धा तास टिकते अशी चाचणी झाली आहे. प्रेशर वॉशरच्या धारेची किंवा समुद्राच्या पाण्याची ती चाचणी नाही. पुराच्या पाण्यात गाडी घालायला तर तो परवाना अजिबात नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा उभ्या गाड्यांवरून पाणी गेलं. चिपळुणात रात्रीचा मुक्काम असेल तर पावसाळ्यात गाडी उंचावर लावणं ही कुठल्याही आयपी क्रमांकाहून भरवशाची सोय आहे. गुहागरच्या पुळणीवर गाडी उतरवायची हौसही आवरावी. चाकं रुततात, आणि ती काढताना लाट येऊन गेली तर खारं पाणी नको तिथे पोचतं.

हंगामाप्रमाणे बदलणारा हौदा

शहरातला छोटा ट्रक वर्षभर एकच काम करतो: सिलिंडर, पार्सल, नाहीतर पाण्याचे जार. गुहागरातल्या गाडीचा माल मात्र महिन्यागणिक बदलतो. मार्च ते मे आंबा. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा खतं, रोपं, किराणा. ऑगस्टपासून मासळी, मधेच गणपती आणि त्यांची आरास. हिवाळ्यात सुपारी, नारळ आणि पर्यटकांच्या घरगुती निवासांचं सामान. म्हणून कायमची बांधलेली बॉडी इथे आतबट्ट्याची ठरते. सुटं करता येणारं सगळं घ्यावं.

मासळीचंच पाहा. शीतयंत्र बसवलेली बंद बॉडी हा या धंद्यातला सगळ्यात महाग आणि आकर्षक पर्याय. पण थंडाव्याचं गणित बर्फाच्या बाजूने आहे. १०० किलो बर्फ वितळताना ९.३ युनिटांएवढी उष्णता शोषतो. तेवढीच थंडी छोट्या यंत्राने तयार करायची तर साडेचार युनिटांच्या आसपास वीज लागेल, म्हणजे १४.४ युनिटांच्या बॅटरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. चिपळूणला जाऊन परत येण्याचा हिशेब तिथेच कोसळतो. बर्फ मात्र बंदराजवळच्या कारखान्यात दुसऱ्याच्या विजेवर तयार झालेला असतो. त्यामुळे लहान विजेच्या ट्रकसाठी पफचा (उष्णता अडवणाऱ्या फोमचा) थर असलेल्या दोन-तीन सुट्या पेट्या हाच शहाणपणाचा मार्ग. झाकण घट्ट बसणारं, खाली निचऱ्याचं बूच असलेली, आणि ते पाणी हौद्यावर न सांडता नळीने बाहेर जाईल अशी पेटी घ्यावी. बर्फाचंही वजन असतं आणि तेही ७५० किलोंतच धरायचं असतं, हे विसरू नये. मासेमारी थांबली की पेट्या उतरवून ठेवता येतात.

आंब्याला उलटी गरज. त्याला थंडीपेक्षा वारा हवा. चारी बाजूंनी आवळून बांधलेल्या काळ्या ताडपत्रीखाली दुपारी उष्णता कोंडते, फळातून निघणारा इथिलीन वायूही आतच राहतो आणि पेटी ठरल्या दिवसाआधी पिकते. वरून चंदेरी किंवा पांढरी ताडपत्री, कडेने जाळी आणि पुढून वारा शिरेल अशी फट, एवढ्यावर काम होतं. तीच ताडपत्री पावसाळ्यात कडेने खाली सोडता यावी म्हणून कमानींना हूक हवेत. नारळ-सुपारीच्या पोत्यांना ताडपत्रीही लागत नाही. हौद्याच्या कडेला भक्कम कड्या आणि खटक्याने ताणले जाणारे पट्टे पुरतात. दोरीपेक्षा हे पट्टे महाग असतात, पण वळणावर पोतं सरकत नाही आणि बांधायला एक माणूस पुरतो.

तालुक्याच्या दोन टोकांना फेरीबोट आहे: उत्तरेला धोपावे-दाभोळ, दक्षिणेला तवसाळ-जयगड. ओहोटीला धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यामध्ये कोन वाढतो, तिथे गाडीचं नाक नाहीतर शेपूट घासतं. पुढचं गार्ड, खाली लोंबणारे मडफ्लॅप, मागची जादा पायरी या वस्तू तिथेच पहिल्या निखळतात. रोज फेरीने जाणाऱ्याने गाडीच्या खालच्या बाजूला काहीही लोंबत ठेवू नये. मागे बघायचा कॅमेरा आणि उलट जाताना वाजणारा बझर मात्र जरूर लावावा. बोटीवर गाडी मागे घेताना त्याचा उपयोग होतोच. शिवाय या गाडीला आवाज नसतो, आणि वाडीतल्या अरुंद वाटेवर मागून येणारी गाडी म्हाताऱ्या माणसांना ऐकूच जात नाही.

टायरच्या बाबतीत सोपा नियम: कंपनीने दिलेल्या मापाचे, कंपनीने सांगितलेल्या दाबाचे. रुंद टायर रुबाबदार दिसतात आणि युनिटं खातात. हवा भरायचा छोटा पंप आणि दाब मोजायचं यंत्र मात्र घ्यावं, कारण कमी हवेचा टायर रोज थोडा थोडा पल्ला चोरत असतो.

गाडीबाहेरची सुधारणा

सगळ्यात उपयोगी खर्च गाडीवर बसतच नाही, तो घराच्या भिंतीवर बसतो. ३.३ किलोवॉटचा चार्जर धरला तर १४.४ युनिटं भरायला गणिताने साडेचार तास, नुकसान धरून पाचेक तास लागतात, आणि तेवढा वेळ वायरीतून सलग १४ ते १५ ॲम्पिअर वाहत राहतात. गिझर एवढीच वीज घेतो, पण काही मिनिटंच. जुन्या घरातली बारीक वायर आणि सैल सॉकेट एवढा वेळ तग धरत नाहीत. सॉकेट आधी पिवळं पडतं, मग वितळतं. मीटरपासून थेट वेगळी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिॲम्पिअरचं गळती-रोधक स्विच आणि पावसापासून झाकलेलं औद्योगिक सॉकेट, एवढं करावंच. मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा.

जांभ्याच्या सड्यावर अर्थिंग हा वेगळा विषय आहे. उन्हाळ्यात कातळ कोरडाठाक पडतो आणि खड्ड्यातली पट्टी नावापुरती उरते. अर्थिंग खोल, ओल धरणाऱ्या जागी घ्यावं, त्यात ओलावा टिकवणारं मिश्रण भरावं आणि मे महिन्यात मोजून पाहावं. जुलैत मोजलं तर सगळंच ठीक दिसतं. वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात चार्जर भिंतीपासून काढून ठेवावा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेल्यावर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. वादळाचा इशारा आला की आधी गाडी भरून ठेवणं, एवढी सवय पुरते.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलांत आणि नोंदणीतल्या माहितीत फरक पडेल असा बदल परवानगीवाचून करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पुढचं लोखंडी गार्ड डिसेंबर २०१७ च्या केंद्राच्या आदेशापासून बेकायदा आहे. धडकेचा जोर ते थेट चासीकडे पोचवतं आणि पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतं. उघड्या हौद्याची बंद बॉडी करायची तर रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयात नोंद बदलून घ्यावी लागते, नाहीतर पासिंगच्या वेळी ती काढून ठेवायची पाळी येते. विमा कंपनीलाही जादा बसवलेल्या महागड्या वस्तू कळवाव्यात; पॉलिसीत नसलेल्या पेटीची भरपाई मिळत नाही.

विजेच्या गाडीच्या बाजूनेही काही नियम आहेत. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या व्यावसायिक विजेच्या गाडीला ऑक्टोबर २०१८ पासून परमिट लागत नाही. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्काची माफी आहे. त्यातून वाचलेले पैसे चेकर प्लेटवर घालवण्याआधी घराचं अर्थिंग पाहावं.

खर्चाचा क्रम

पहिल्या दिवशी तीन गोष्टी: घरचं चार्जिंग, खालचा गंजरोधक लेप, बांधायचे पट्टे आणि कड्या. पहिल्या हंगामाआधी प्लायचा तळ, सुट्या कमानी, मागचा कॅमेरा, पंखा. मासळी करायचीच असं ठरलं तर पफच्या पेट्या. बाकी सगळं सहा महिने गाडी चालवून झाल्यावर. तोवर रोजची भाडी, उरलेली बॅटरी आणि भरलेलं वजन एका वहीत लिहून ठेवलं, तर काय कमी पडतंय ते वहीच सांगेल. बहुतेकांना तेव्हा कळतं की यादीतल्या निम्म्या वस्तूंची आठवणही झाली नाही.

दुकानात गेल्यावर किंमत कळते, वॅटचा आकडा पाकिटावर छापलेला असतो. वजन मात्र कुणी सांगत नाही, कारण आजवर गिऱ्हाइकाने ते विचारलेलंच नाही. दुकानदाराने खांदे उडवले तर वस्तू उचलून शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवावी. वीस किलो भरली तर एक पेटी गेली, आणि ती गाडी विकेपर्यंत प्रत्येक फेरीला जाणार. तेवढी वसुली ती वस्तू करत असेल तर बसवावी.